पीटेड व्हिस्की: धूर शोधताना आणि जोखताना या चुका टाळा

"सगळ्यात धुरकट व्हिस्की कुठली?" असं विचारलं की उत्तर हमखास धुराच्या आकड्यात, पीपीएममध्ये येतं. आर्डबेग 55, पोर्ट शार्लट 40, ऑक्टोमोर तर शंभरीपार. मग माणूस आकडा बघून बाटली घेतो, पहिल्या घोटात धूर शोधतो आणि म्हणतो, "एवढंच?" कधी याच्या उलट होतं. लाफ्रॉइगची दहा वर्षांची, अवघ्या 40 टक्के अल्कोहोलची बाटली उघडतो आणि टेबलाभोवती आयोडीनचा असा दर्प सुटतो की शेजारचा नाक मुरडतो. दोन्ही वेळा दोष व्हिस्कीकडे जात नाही. मोजायला घेतलेली पट्टीच दुसऱ्या वस्तूची असते.

आकडा बाटलीतल्या व्हिस्कीचा समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून अर्धवट कुजलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं. ते कापून, वाळवून भट्टीत जाळतात आणि त्याचा धूर मोड आलेल्या ओल्या बार्लीमधून वर जाऊ देतात. दाणा ओला असतो तोवरच धूर त्याच्या सालीला चिकटतो. दाणा सुकला की पुढे कितीही पीट जाळा, फारसं काही हाती लागत नाही. या धुरातली फिनॉल वर्गातली संयुगं दाण्यावर किती बसली, ते दहा लाख भागांत मोजतात. तोच पीपीएमचा आकडा. तो माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या बार्लीचा आहे, व्हिस्कीचा नाही. कापडाला किती रंग लावला ते त्यातून कळतं, धुतल्यावर किती उरला ते कळत नाही.

आणि इथे धुलाई बरीच होते. माल्ट दळून गरम पाण्यात घातला की काही फिनॉल चोथ्याबरोबर निघून जातं. आंबवताना काही जातं, ऊर्ध्वपातनाच्या तांब्याच्या भट्टीत त्याहून जास्त. नव्या दारूत येईपर्यंत माल्टवरच्या आकड्याचा निम्मा भाग किंवा त्याहूनही कमी शिल्लक राहतो. पुढे पिंपातली वर्षं आपला वाटा घेतात.

भट्टीत नेमकं काय होतं, त्यावर तर सगळा खेळ आहे. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात आधी हलके, फळांसारखे गंध येतात, फिनॉलचा जोर उत्तरार्धात वाढतो. धार कधी धरायची आणि कधी तोडायची हे प्रत्येक डिस्टिलरी आपापलं ठरवते. उशिरा तोडली की धूर जास्त, लवकर तोडली की कमी. लाफ्रॉइगमध्ये सुरुवातीची धार इतरांपेक्षा बराच जास्त वेळ बाजूला काढतात. त्यामुळे गोड, फळांचे गंध कमी पडतात आणि औषधी वास उघडा पडतो. आर्डबेगच्या भट्टीच्या नळीला प्युरिफायर जोडलेला आहे. जड वाफ तिथे द्रव होऊन पुन्हा भट्टीत उतरते. म्हणून 55 चा माल्ट वापरूनही आर्डबेगच्या राखेखाली लिंबाची एक टवटवीत गोडी लागते.

याचा पुरावा ग्लासात हवा असेल तर लगावुलिन 16 आणि कूल ईला 12 शेजारी ठेवा (हे आकडे वयाचे). दोन्ही 43 टक्क्यांच्या, दोन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, आणि दोघींचा माल्ट एकाच ठिकाणी, पोर्ट एलनच्या माल्टिंग्जमध्ये, साधारण 35 पीपीएमच्या आसपास तयार होतो. लगावुलिनच्या भट्ट्या बसक्या, नाशपतीच्या आकाराच्या. दारू जड, तेलकट, धूर जिभेवर दाट पसरणारा. कूल ईलाच्या भट्ट्या उंच, वाफेला तांब्याचा स्पर्श भरपूर. धूर स्वच्छ, हलका, जरासा खारा. आकडा तोच, पण डोळे झाकून दिलं तरी दोन्हींत गल्लत व्हायची नाही.

ऑक्टोमोर हे दुसरं टोक. ती आयलावरच्याच ब्रुकलाडी डिस्टिलरीत होते. तिथल्या उंच, निमुळत्या मानेच्या भट्ट्या मुळात नाजूक दारूसाठी आहेत. 2017 मधली ऑक्टोमोर 8.3 ही 309.1 पीपीएमच्या माल्टपासून केलेली होती. आकड्याच्या हिशेबानं ती आर्डबेगच्या साडेपाचपट धुरकट लागायला हवी. तशी ती लागत नाही. जबरदस्त आहे, पण साडेपाचपट नाही. शिवाय ऑक्टोमोर बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आसपासची आणि 60 टक्क्यांच्या घरातली असते, म्हणजे जोरातला बराचसा भाग कोवळ्या वयाचा आणि अल्कोहोलचा.

आणखी एक बारकावा. फिनॉल मोजायच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांचे निकाल तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून एका डिस्टिलरीचा 40 आणि दुसरीचा 45 यांत काही अर्थ शोधू नका. आकडा कामाचा आहे तो एकाच घरातली भावंडं ताडून बघायला: ब्रुकलाडीत क्लासिक लॅडी विनापीट, पोर्ट शार्लट 40, ऑक्टोमोर 80 च्या वर. भट्ट्या त्याच असल्यानं इथे आकडा खरं बोलतो.

आयला म्हणजे धूर, बाकी सगळं कोरं

दोन्ही बाजूंनी खोटं. आयलावरच्या बुनाहॅवनची नेहमीची बारा वर्षांची व्हिस्की जवळजवळ विनापीट आहे. क्लासिक लॅडीचं वर आलंच. "आयला आहे म्हणजे धूर असणारच" म्हणून या बाटल्या घेणारे निराश होतात, आणि त्यात बिचाऱ्या बाटल्यांना शिव्या बसतात.

उलट बेटाबाहेर शोधायला भरपूर आहे. मल बेटावरच्या टोबरमोरी डिस्टिलरीतून लेडेग या नावाने पीटेड व्हिस्की येते. ओबडधोबड, जराशी मातकट, आणि माझ्या मते या प्रकारातली सगळ्यात कमी कौतुक झालेली. कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँकमध्ये एकाच छताखाली तीन व्हिस्क्या होतात: हेझलबर्न विनापीट, स्प्रिंगबँक हलकी पीटेड, लाँगरो भरपूर पीटेड. स्काय बेटावरची टॅलिस्कर मध्यम धुराची, पण काळ्या मिरीसारखा तिखटपणा असल्यानं ती आहे त्याहून जोरदार वाटते. मुख्य भूमीवर आर्डमोर, बेनरिअॅकची पीटेड बाटली, बेनरोमॅक. आयर्लंडची कॉनेमारा, जपानची योइची. शोध घेणाऱ्यानं बेटापेक्षा नावं पाठ करावीत. बुनाहॅवनची पीटेड दारू स्वतंत्र बॉटलर, म्हणजे डिस्टिलरीकडून दारू घेऊन स्वतः बाटलीत भरणारे, स्टॉइशा या नावानं विकतात. अॅरन डिस्टिलरी आपली पीटेड व्हिस्की माक्री मूर या नावानं विकते. ही नावं माहीत नसली तर दुकानात समोर ठेवलेली धुरकट बाटलीसुद्धा ओळखता येत नाही.

लेबल वाचून धुराचा अंदाज बांधणं

'पीटेड', 'स्मोकी', 'हेविली पीटेड' या शब्दांची स्कॉच व्हिस्कीच्या 2009 च्या नियमांत व्याख्याच नाही. कुणी 15 पीपीएमला पीटेड म्हणतो, कुणी 50 ला. काही बाटल्यांवर धुराचा उल्लेख असतो आणि आत विनापीट व्हिस्की, फक्त शेवटचे काही महिने आयलाच्या रिकाम्या पिंपात ठेवलेली. त्याला धुराचा पुसटसा हात लागतो, चांगलाही लागतो, पण तो पीटेड माल्टचा धूर नव्हे. नाकाला आधी कळतो आणि घोट गिळल्यावर शोधावा लागतो.

"पीटमधून वाहणारं पाणी वापरतात म्हणून धुरकट" हे तर अजूनही सर्रास ऐकू येतं. पीटमधून आलेलं पाणी चहासारखं तांबूस असतं, हे खरं. पण न जळलेल्या पीटला धूर कुठून येणार? तांबूस पाणी वापरूनही बिनधुराची व्हिस्की करणाऱ्या डिस्टिलऱ्या आहेत.

वय जास्त, धूर जास्त

नेमकं उलट. वर्षं सरतात तसा धूर मागे सरतो आणि पिंपाचं लाकूड, व्हॅनिला, सुका मेवा पुढे येतो. जोरकस धूर हवा असेल तर तरुण व्हिस्की घ्या. आर्डबेगची वी बीस्टी पाच वर्षांची, 47.4 टक्क्यांची. लगावुलिनची आठ वर्षांची 48 टक्क्यांची, आणि ती 16 पेक्षा धारदार, कोरडी. किलहोमनची माकिर बे 46 टक्क्यांची, वय न सांगणारी, तरुणच. पंचवीस वर्षांची आयला व्हिस्की देखणी असते, पण धुरासाठी तिच्यामागे लागणं म्हणजे पैसे चुकीच्या गोष्टीला मोजणं.

शेरी या स्पॅनिश वाइनचं पिंपही धुरावर पांघरूण घालतं. मनुका, अंजीर, चॉकलेट यांच्यामागे धूर दडतो; कमी झालेला नसतो, दिसेनासा होतो. पहिल्यांदा धूर समजून घ्यायचा असेल तर बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपातली बाटली घ्या. शेरीवाली नंतर.

सगळ्या धुराला 'धूर' एवढंच म्हणणं

बहुतेकांच्या नोंदी "मस्त धुरकट, लांब फिनिश" यापुढे जात नाहीत. त्यातून पुढची बाटली निवडायला काहीच मदत होत नाही. धूर एक नाही, त्याच्यात घराणी आहेत.

एक घराणं औषधी: आयोडीन, जंतुनाशक, दवाखान्यातलं बँडेज, डांबर. यात क्रेसॉल नावाच्या संयुगांचा मोठा हात. लाफ्रॉइग हे त्याचं ठळक उदाहरण. दुसरं घराणं जळक्या लाकडाचं: विझत आलेली शेकोटी, खरपूस भाजलेलं, धुरी दिलेलं मांस. इथे ग्वायकॉल आणि त्याचे नातेवाईक. तिसरं राखेचं: थंड चूल, सिगारेटची राख, कोळशाची भुकटी, कोरडं, घशात खरखरणारं. तरुण, जास्त अल्कोहोलच्या व्हिस्कीत हे फार भेटतं. चौथं मातीचं: ओली जमीन, मुळं, गवत, सुकलेलं शेवाळ.

हा फरक पीट कुठलं आहे त्यावरही असतो. ऑर्कनी बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत. तिथल्या हॉबिस्टर मूरचं पीट हेदरच्या झुडपांनी भरलेलं. तिथली हायलँड पार्क डिस्टिलरी आपल्या माल्टचा काही भाग त्याच पीटवर धुपवत आली आहे आणि त्या धुराला फुलांची, मधाची झाक असते. त्यात बँडेज शोधत बसाल तर मिळणार नाही. मुख्य भूमीवरच्या पीटमध्ये लाकडाचा अंश जास्त, म्हणून आर्डमोरचा धूर शेकोटीच्या बाजूला झुकतो.

नोंद करताना तीन गोष्टी वेगळ्या लिहा: धूर कुठल्या घराण्याचा, किती जोराचा आणि कुठे लागतो. नाकात, जिभेवर की गिळल्यानंतर. नाकात दणदणीत आणि तोंडात फुसकी अशा व्हिस्क्या असतात. वासाला साधी आणि गिळल्यावर पाच मिनिटं छातीत धुमसणारी कूल ईलाही असते. एकच '10 पैकी 8' लिहिलं की हे सगळं बुडतं.

नाक आधी बधिर करून मग गुण देणं

चाखण्याच्या बैठकीत सगळ्यात जास्त निकाल इथे बिघडतात. फिनॉलला नाक फार लवकर सरावतं. पहिल्या ग्लासात जो धूर अंगावर येतो तोच तिसऱ्या ग्लासात जाणवेनासा होतो. मग शेवटची व्हिस्की "गोड, फारशी धुरकट नाही" अशी नोंदली जाते आणि ती असते आर्डबेग.

क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा. एका बैठकीत चार पुरेत, प्रत्येकी 15 मिली. त्यापुढे नाकही काम करत नाही आणि डोकंही. ट्युलिपच्या आकाराचा ग्लास घ्या, रुंद तोंडाचा गिलास नको. ओतल्यावर पाचेक मिनिटं बशीनं झाकून ठेवा. मग ग्लास हनुवटीशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हळू हुंगा. नाक थेट आत खुपसलं तर पहिला फटका अल्कोहोलचा बसतो आणि तो जळजळाट लोक धुराच्या खात्यात लिहितात. 60 टक्क्यांची विनापीट व्हिस्कीसुद्धा घसा जाळते. जळणं आणि धूर या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

मध्ये स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, साधं पाणी प्या, दोन मिनिटं उठून फिरा. अत्तर, अगरबत्ती, सिगारेट त्या खोलीत नको. आणि बाटल्या दिसत असतील तर गुण देऊच नका. 'ऑक्टोमोर' हे नाव वाचलेलं नाक धूर शोधूनच काढतं. ग्लासखाली नंबर चिकटवून दुसऱ्या कुणाला तरी जागा बदलायला सांगा.

एक तपासणी मला फार आवडते, कारण तिला काही कौशल्य लागत नाही. ग्लास संपला की धुऊ नका, तसाच रात्रभर ठेवा. अल्कोहोल आणि फळांचे हलके गंध उडून जातात. फिनॉल सावकाश उडतं, म्हणून ते तळाशी चिकटून राहतं. सकाळी कोरड्या ग्लासात नाक घाला. भक्कम पीट असेल तर ओला कोळसा, धुरांडं, काजळी असा वास ठणठणीत येतो. रात्री "जोरदार" वाटलेल्या ग्लासात सकाळी नुसतं व्हॅनिला आणि लाकूड उरलं असेल तर आदल्या रात्रीचे गुण पुन्हा तपासा.

पाण्याला नाही म्हणणं, बर्फाला हो म्हणणं

"पाणी घातलं की धूर मरतो" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून पाहिली. अल्कोहोल 59 टक्क्यांच्या वर असतं तेव्हा ग्वायकॉलचे रेणू इथेनॉलच्या घोळक्यात आत दडून राहतात. 45 टक्क्यांच्या आसपास आणि खाली आलं की ते पृष्ठभागाकडे येतात. हे संगणकी प्रतिरूप आहे, प्रत्यक्ष नाकाची चाचणी नाही. पण 57 टक्क्यांच्या आर्डबेग कॉरीव्रेकनमध्ये अर्धा चमचा पाणी घालून बघा, अंदाज येईल. थेंबाथेंबानं घाला, दर वेळी हुंगा. 40 टक्क्यांच्या लाफ्रॉइगला मात्र आधीच पुरेसं पाणी घातलेलं असतं. तिच्यात अजून घातलं तर ती पातळ होते.

बर्फानं गंध बसतो. थंड द्रवातून कमी रेणू उडतात, इतकी साधी गोष्ट आहे. प्यायला बर्फ जरूर घ्या, कुणाची परवानगी नको. जोखायला नको.

काहीतरी जळकं लागलं म्हणजे पीट

हे ओळखायला शिकलात तर निम्मे वाद मिटतील. विझलेली काडेपेटीची काडी, जळकं रबर, उकडलेलं अंडं असा वास आला तर तो बहुधा गंधकाचा. अनेकदा गंधकाची धुरी दिलेल्या शेरीच्या पिंपातून आलेला. ग्लास पंधरा-वीस मिनिटं उघडा ठेवा. गंधक पुष्कळदा ओसरतं, पीट तिथेच ठाण मांडून बसतं.

गोडसर, खरपूस, कॅरमेलसारखा धूर लागला तर पिंपाच्या आतल्या जळक्या थराकडे बघा. बर्बन सहसा पीटवर धुपवलेली नसते, तरी तिच्यात धुराची झाक असू शकते, ती याच कारणानं.

ओला पुठ्ठा, कोंदट तळघर असा वास आणि त्यात धूर, फळ, गोडी सगळंच मेलेलं, तर बूच बिघडल्याचा संशय घ्या. त्याला 'मातकट पीट' म्हणून कौतुक करणारे असतात. दुकानदाराला दाखवून बदलून मागा.

अर्ध्या बाटलीवरून मत बनवणं

उघडलेल्या बाटलीत हवा शिरते आणि धुराची धार हळूहळू बोथट होते. पीटेड व्हिस्कीत ते लवकर लक्षात येतं, कारण सगळं लक्ष त्या एकाच गोष्टीवर असतं. तळाशी पाव बाटली उरलेली आणि वर्षभर कपाटात पडलेली लगावुलिन नुकत्याच उघडलेल्या कूल ईलाशेजारी ठेवून "लगावुलिन पूर्वीसारखी राहिली नाही" हा निष्कर्ष काढू नका. पहिल्या दिवसाचा पहिला पेगही तितकाच फसवा. बूच काढल्या काढल्या अल्कोहोलचा ताठा पुढे असतो, एक-दोन आठवड्यांनी व्हिस्की मोकळी होते.

तुलना करायचीच असेल तर बाटली उघडल्यावर महिन्याभरात तिच्यातली 100 मिली व्हिस्की छोट्या, स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. झाकण घट्ट, जागा अंधारी, बाटली उभी. वर नाव, टक्के आणि भरल्याची तारीख लिहा. औषधाची किंवा लोणच्याची जुनी बाटली घेऊ नका, कितीही धुतली तरी.

पुढच्या वेळी नवी बाटली आली की ही संदर्भाला काढायची आणि नव्याच्या आधी हिचा वास घ्यायचा.